दिवा कुठे टांगायचा?

करोनाच्या पहिल्या वर्षी अतिनील दिव्याच्या पेट्यांचा सुळसुळाट झाला होता. मोबाइल, किल्ल्या, नोटा, झालंच तर भाजीही आत ठेवायची आणि झाकण लावायचं. नोट घडी घातलेलीच जायची, घडीच्या आत अंधार तो अंधारच. कोथिंबिरीच्या जुडीचं तर विचारूच नका.

दिव्यात ताकद नव्हती असं नाही. 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण विषाणूच्या जनुकीय धाग्यावर पडले, की त्यातले शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटतात. पिशवीची चेन मध्येच अडकावी तसं होतं. विषाणू वरून शाबूत, पण पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढणं त्याला जमत नाही. मात्र हे किरण आडोशाला जात नाहीत, गढूळ पाण्यात लगेच विरतात, शिवाय आपले डोळे आणि त्वचाही भाजून काढतात. तेव्हा खरी अक्कल लागते ती दिव्याची जागा ठरवायला.

विल्यम आणि मिल्ड्रेड वेल्स या संशोधक दांपत्याने ती दाखवली. फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांत त्यांनी दिवे मुलांच्या डोक्यापेक्षा उंच लावले आणि झोत वळवला छताकडे. वर्गातली हवा वरखाली फिरतच असते. वर गेली की किरणांतून जाते आणि निवळून खाली येते. मुलांवर थेट झोत पडतच नाही. 1941 च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांमध्ये लागण बरीच कमी झाली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांत मात्र तेवढा फरक पडला नाही. मुलं घरी जाताना एकाच बसमध्ये दाटीवाटीने बसत, आणि बसमध्ये दिवे कुठले?

अशोक गाडगीळ मूळचे मुंबईचे, संशोधन अमेरिकेत बर्कलीला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला भारत-बांगलादेशात पटकीची नवी साथ आली, तेव्हा त्यांनी खेड्यांत चालेल असं पाणी शुद्ध करणारं यंत्र मनावर घेतलं. पटकीचा जंतू विषाणू नव्हे, पण या किरणांपुढे दोघांचीही तीच गत. एरवी दिवा काचेच्या नळीत घालून पाण्यात बुडवतात आणि नळीवर क्षार चढत राहतात. गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर, कोरडाच टांगला. खालून पाणी आपल्या उताराने वाहतं, मिनिटाला साधारण 15 लिटर. ना पंप, ना नळी घासायची कटकट. मला यातलं शहाणपण दिव्याहूनही मोठं वाटतं.

एक मात्र आहे. क्लोरिन पाण्यात मागे राहून राखण करतो, हा प्रकाश काहीच ठेवत नाही. घरच्या अतिनील दिव्याच्या फिल्टरचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि कुणी त्यात बोटांसकट पेला बुडवला, तर तिथून पुढे दिव्याचा काही संबंध नाही. पिंपाला तोटी नसेल, तर शेजारी लांब दांड्याचं ओगराळं हवंच.