उपदेशाच्या आधी

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या फलकावर एक यादी लागते. मुंबईतील विद्यार्थी तिला 'डिफॉल्टर लिस्ट' म्हणतात, आणि ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली अशा मुलामुलींची नावे व त्याखाली 'पालकांस घेऊन समक्ष भेटावे' असा हुकूम तिच्यात असतो. नाटकाच्या तालमीत रमलेला, सकाळी दुकानात राबणारा, निव्वळ उनाड, आणि गेले दोन महिने अंथरुणावरून उठण्याचे बळच ज्याच्या ठायी उरलेले नाही असा, हे चौघेही त्या यादीत एकाच शाईने छापलेले असतात. दफ्तराला गैरहजेरी दिसते. तिचे कारण नोंदवण्याचा रकाना त्याच्यापाशी नसतो.

या चौथ्या विद्यार्थ्याविषयी आपले कर्तव्य कोणते, हा प्रश्न वरवर कारभाराचा वाटला तरी त्याच्या तळाशी एक जुना धर्मप्रश्न दडलेला आहे, आणि तो असा की, खचलेले मन हा दोष आहे काय? दोष असेल तर त्याला शासन करावे वा बोध करावा. प्रारब्धाचा भोग असेल तर तो भोगू द्यावा. आणि व्याधी असेल तर वैद्याला बोलवावे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय मोजले आहेत. त्यांत पहिले नाव व्याधीचे आहे, आणि आळस, संशय, प्रमाद हे तिच्याच पंगतीला बसवले आहेत. दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विषमता हे या विक्षेपांचे सोबती, असेही ते लगेच पुढे सांगतात. आळसाला पाप न म्हणता रोगाच्या शेजारी ठेवणारा हा सूत्रकार आमच्या परीक्षा विभागापेक्षा अधिक सावध होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाहियांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर पतंजलींच्याच आधाराने मनोरुग्णांसाठी एक उपचारपद्धती बांधली होती. डिलाईल रोडवरून ते रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे; परंतु ते अंतर ओलांडायला आमच्याकडे कित्येक घरांना वर्षे लागतात.

डिलाईल रोड, म्हणजे हल्लीचा ना. म. जोशी मार्ग. येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. मूळच्या ३२ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. मध्ये लांबच लांब बोळ, दोन्ही अंगांना दारे, शौचालये सामाईक. अशा वास्तूत कुणाचे दुःख झाकून राहील ही गोष्टच अशक्य. खोलीत सात माणसे निजलेली असल्यामुळे जिन्यावर पुस्तक घेऊन बसणारा मुलगा आज तासभर एकाच पानावर थांबला आहे, हे पाण्याला उठलेल्या शेजारच्या काकूंना पहाटे नेमके दिसते, आणि 'काय रे बाळा, जेवलास ना रात्री?' असे त्या विचारतातही. मी स्वतः या प्रश्नाला मानसशास्त्राच्या कित्येक प्रश्नावल्यांपेक्षा वरचढ मानतो. पण दिसणे आणि सांभाळणे यांत अंतर असते. दुपारपर्यंत तीच बातमी बोळभर होते, आणि मग कुणी 'बाहेरचं असेल, अंगारा लावा' म्हणतो, कुणी 'मोबाईल काढून घ्या' म्हणतो, आणि घरचा कर्ता पुरुष, ज्याने १८ जानेवारी १९८२ पासूनचा गिरणीसंप पोटाला चिमटे काढून सोसला, तो म्हणतो, 'आम्ही संपात उपाशी राहिलो, तुला कशाची कमी आहे?' या वाक्यात खोटे काहीच नाही. मात्र एकाच्या दुःखाच्या मापाने दुसऱ्याचे दुःख मोजले की ते नेहमीच हलके भरते, आणि मुलगा बोलायचा थांबतो.

गीतेचा दाखला या प्रसंगी हटकून दिला जातो. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद ठेवणारा हा इलाखा. 'ऊठ आणि कर्तव्याला लाग' असे बजावणारा ग्रंथ म्हणजे गीता, ही समजूत येथे वडिलोपार्जित आहे. ती चुकीची नाही, अपुरी आहे. पहिल्या अध्यायाच्या ४७ श्लोकांत श्रीकृष्ण एकदाच, आणि तेही अर्ध्या श्लोकापुरते, बोलतात. बाकीचा वेळ रथ हाकणे, तो सांगितल्या जागी उभा करणे आणि ऐकणे यांत जातो. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, कातडीचा दाह होतो आहे, उभे राहवत नाही, ही अर्जुनाची कैफियत ते मध्येच तोडत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला चांगलेच खडसावतात हे खरे. पण त्या खडसावण्याचा परिणाम काय झाला हे आपण वाचायचे विसरतो. अर्जुन उठला नाही. आपली मती चालत नाही, मी शिष्य होऊन शरण आलो आहे, असे तो म्हणाला, लढणार नाही असे सांगून गप्प झाला, आणि त्यानंतरच गीता म्हणून जिला आपण ओळखतो ती सुरू झाली. भगवंतांचीही नुसती ताकीद जेथे लागू पडली नाही, तेथे वर्गशिक्षकाची पडेल अशी अपेक्षा का धरावी?

याच्या उलट उदाहरण महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे, आणि आचार्य म्हणवणाऱ्या प्रत्येकाने ते आपल्याला लावून पाहावे. पित्याच्या वधाने पेटलेल्या अश्वत्थाम्याला रात्री झोप येत नाही. कृपाचार्य त्याचे मामा, शिवाय कुरुकुलाचे शस्त्रगुरू. दैव आणि पुरुषार्थ यांवर ते त्याला सुरेख व्याख्यान देतात. आज नीज, उद्या धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांचा सल्ला घेऊ, असेही सुचवतात. सल्ला निर्दोष होता. भाच्याने तो झिडकारला, तेव्हा मात्र आचार्य त्याच्या वाटेत आडवे झाले नाहीत. मागोमाग गेले, आणि झोपलेल्यांचा संहार चालू असताना शिबिराच्या दाराशी पहाऱ्याला उभे राहिले. संतापलेला, दुसऱ्यांना धाक वाटावा असे वागणारा विद्यार्थीही मुळात दुःखीच असू शकतो, हे ओळखणे एक. आणि त्याला अडवणे, इतरांचे संरक्षण करणे, वेळीच अधिकाऱ्यांना कळवणे हे दुसरे. करुणेच्या नावाखाली या दुसऱ्या कर्तव्यातून सुटका नाही. 'मी सांगून पाहिले' हे कृपाचार्यांचे समाधान पुरेसे ठरत नाही.

दारापाशी उभे राहण्याची आणखी एक रीत मराठी मनाला ठाऊक आहे. परंपरा सांगते की, ज्ञानदेवांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, अनाथ झालेल्या चार भावंडांना समाजाने वाळीत टाकले, आणि असाच एकदा लोकांच्या अवहेलनेने विद्ध होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. त्या वेळी बाहेर उभी राहिली ती सर्वांत धाकटी बहीण. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग हेही उपदेशाचेच अभंग आहेत, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो खरा आहे. परंतु ही उपदेश करणारी त्याच अपमानाची वाटेकरी होती. तिने ताटी मोडली नाही, लोकांना गोळा केले नाही, आणि तू काय चुकलास याचा पाढा न वाचता तू कोण आहेस याचे स्मरण दिले. तुकोबांच्या बाबतीतही १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर ते डोंगरावर निघून गेले, तेव्हा त्यांना शोधत जाणारा धाकटा भाऊ कान्होबा होता असे परंपरा सांगते. इंद्रायणीत कर्जखते बुडवण्याची कथा आपण उत्साहाने सांगतो; रानोमाळ धुंडाळत फिरलेल्या भावाचे नाव मात्र ओझरते घेतो.

आणि तरीही, प्रेम आणि ज्ञान दोन्ही जवळ असलेला माणूसही यातून सुटतोच असे नाही, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कुणाचे कपडे मळले, कोण जेवला नाही, कुणाचे अंथरूण तसेच पडले आहे, हे ते रोज पाहत, आणि न बोलता स्वतःच ते काम उरकून टाकत. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारा हात गुरुजींचाच. अर्जुनाच्या विषादावरचे ते विवेचन ज्याने अक्षरशः लिहून काढले, त्याच पुरुषाने ११ जून १९५० रोजी मुंबईत आपले जीवन स्वतः संपवले. या घटनेला आपण फार लवकर उदात्त रंग दिला. हळव्या आत्म्याला जग सोसवले नाही, असे म्हणून मोकळे झालो. मला ही भाषा घातक वाटते, कारण तिच्यामुळे वीस वर्षांच्या एखाद्या हळव्या मुलाला वाटू लागते की, संवेदनशीलतेचा शेवट असाच व्हायचा. तो तसा नव्हे. हजारो मुलांची विचारपूस करणाऱ्या या माणसाची खिन्नता उपचारांच्या आवाक्यात आणता आली असती काय, हा प्रश्न त्या काळात फारसा कुणी विचारलाच नसावा.

लंडनमधील चॅड व्हारा नावाच्या एका पाद्र्याने १९५३ साली अशा निराश लोकांसाठी आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवला, आणि येणाऱ्यांना बाहेर चहा देऊन थोपवून धरायला काही साधे स्वयंसेवक बसवले. काही दिवसांत त्याच्या ध्यानात आले की, त्या स्वयंसेवकांशी बोलून मोकळे झालेल्या पुष्कळांना मग पाद्र्याला भेटण्याची गरजच उरत नाही. धर्मगुरूने आपला उपदेश बाजूला सारून त्या ऐकून घेणाऱ्यांच्या हाती सूत्रे द्यावीत, ही मोठीच धर्मबुद्धी म्हटली पाहिजे. यातूनच उभ्या राहिलेल्या 'सॅमरिटन्स' या सेवेच्या नमुन्यावर पुढे अनेक देशांत अशा सेवा निघाल्या.

आपल्याकडे कायद्याने ही वाट चालायला बराच काळ घेतला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद देणारे दंडसंहितेचे ३०९ वे कलम १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने, घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच कौल दिला. १९९६ साली घटनापीठाने तो फिरवला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे गृहीत धरायला सांगितले की, असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे. नव्या न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेले नाही. फौजदारी कायद्याने दोषाची भाषा सोडली; महाविद्यालयाच्या नोटिशीने ती अजून सोडलेली नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना दिलेल्या निर्देशांत १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ असावा, आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा याचे शिक्षण मिळावे, असे सांगितले आहे. नेमणूक होईल, नामफलकही लागेल. परंतु मागच्या बाकावरून त्या खोलीपर्यंत मुलाला नेणार कोण? हे काम बहुधा समुपदेशकाचे नसतेच; ते ग्रंथालयातील शिपायाचे, प्रयोगशाळेतील सहायकाचे, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे असते, कारण अचानक मार्क घसरले, मुलगा मुलांतून उठून गेला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, 'माझं ओझं आता कुणाला होणार नाही' असे काही बोलून गेला, हे त्यांना आधी कळते. अशा वेळी 'तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे; उलट, विचारणारा निघाला याचाच अनेकांना दिलासा वाटतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्याजवळ बसूनच फोन लावावा, आणि धोका समोर दिसत असेल तर सरळ केईएमसारख्या रुग्णालयात न्यावे. गुप्ततेचे वचन जिवापलीकडे देऊ नये. बाकी सर्व बाबतींत मात्र ते काटेकोर पाळावे, कारण चाळीच्या बोळात बातमी फुटण्याची जी धास्ती, तीच या मुलांना गप्प ठेवते.

चाळी आता पाडल्या जात आहेत, १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर मिळणार आहे, आणि पहिल्यांदाच या भागातल्या मुलांना लावून घेता येईल असे स्वतःचे दार मिळेल. ते मिळायलाच हवे. एकान्त हा चैनीचा विषय नव्हे. पण तोवर आणि त्यानंतरही महाविद्यालयांनी निदान एवढी तजवीज करावी की, त्या यादीतल्या प्रत्येक नावाला पालकांच्या आधी एखाद्या शिक्षकाने एकट्याने भेटावे, कारणाचा रकाना हजेरीपटाच्या बाहेर स्वतंत्र व गोपनीय वहीत ठेवावा, आणि समुपदेशकाची खोली परीक्षा विभागाच्या समोर, शुल्क भरणाऱ्यांची रांग जिच्या दारावरून जाते अशा ठिकाणी, देऊ नये.