आधी विणा, मग तपासा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतेतल्या लिंबायतच्या गल्ल्यांमध्ये कानबाई बसते. खान्देश सोडून दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी भाऊबंद एका घरी जमतात, रोट होतात, नारळाला देवीचं रूप देऊन मांडतात आणि रात्रभर बाया गातात. गेल्या खेपेला मी मावशीच्या शेजारी बसले होते. तिनं एक गाणं सुरू केलं आणि चौथ्या कडव्यात अडली. पलीकडून एका बाईनं ओळ पुरवली. पुरवताना सूर जरा वर गेला, मावशीनं तो तसाच धरला आणि गाणं पुढं गेलं. कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून परतल्यावर मावशीनं फोन दाखवला. तीच गाणी तिनं स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. बावीस गाणी, आणि त्यातलं एकही कुणाला पाठवलेलं नाही. एकात आवाज बसलेला, एकात मागे रिक्षाचा हॉर्न, एकात एक शब्द विसरलेला. "जवय नीट व्हई, तवय टाकसू," ती म्हणाली. मी काय बोलणार? माझ्या वहीतल्या अहिराणी कविता दहा वर्षांपासून त्याच "तवय"ची वाट पाहत होत्या.

तेव्हापासून मला एक प्रश्न सोडत नाही. रात्री पन्नास बायांसमोर बिनधास्त चुकणारी मावशी सकाळी फोनसमोर एवढी का घाबरते? गाणारी तीच आणि गळाही तोच. बदलतो तो फक्त समोरचा ऐकणारा, आणि हा नवा ऐकणारा आपल्याला तपासायलाच बसला आहे, असं आपण आधीच धरून चालतो.

तपासणी आमच्या वस्तीला नवी नाही. माझे आबा उधन्याला लूमवर होते, मजुरी मीटरवर. ताका उतरला की तो तपासायला जाई. आडव्या धाग्याचा पट्टा पडलेला दिसला, कुठं धागा तुटलेला दिसला, की फ्रेश माल सेकंडमध्ये जाई आणि पैसे कापले जात. माय घरी साड्यांवर टिकल्या लावायची. एक रांग वाकडी गेली तर साडी परत. आमच्या घरात चूक म्हणजे त्या आठवड्याचं तेल कमी, असा सरळ हिशोब होता. अशा घरात वाढलेल्या मुलांच्या अंगी चोख काम करायची सवय येते. त्या सवयीचा मला अभिमान आहे आणि ती सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण आबांच्या कामातला एक क्रम मला फार उशिरा दिसला. कापड आधी विणलं जाई आणि मग तपासलं जाई. पट्टा पडेल या भीतीनं आबांनी कधी लूम बंद ठेवला नाही. धागा तुटला की ते वाकून गाठ मारत आणि लूम परत सुरू करत. आम्ही लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांनी तपासणीचं टेबल उचलून थेट लूमच्या पुढं आणून ठेवलं आहे. कविता अजून विणलीही गेलेली नसते आणि आपण तिच्यावर सेकंडचा शिक्का मारून मोकळे होतो.

दुसरी भीती शाळेतून आली. तिसरीत असताना निबंधात मी "मनी माय" असं लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा त्यावर लाल शाईनं काट मारून "माझी आई" लिहिलेलं होतं. प्रमाण मराठी शिकवणं शाळेचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वयात मला कळलं ते एवढंच, की माझी माय अशुद्ध आहे. लिंबायतच्या पोराला घरी अहिराणी, मराठी माध्यमाच्या शाळेत पुस्तकी मराठी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती लागते. चारही भाषांमध्ये कुणी ना कुणी त्याच्यापेक्षा शुद्ध बोलणारा असतोच. मग तो लिहायला बसला की चौघं जण लाल पेन घेऊन मागे उभे राहतात. 2011च्या जनगणनेत आमची अहिराणी धरून खान्देशी बोलणाऱ्यांची नोंद 18 लाखांच्या वर आहे. एवढ्या लोकांची बोली कागदावर आणताना ती चूक वाटावी, ही त्या बोलीची कमतरता नव्हे.

मानसशास्त्रात या भीतीचा अभ्यास झाला आहे. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी 1989 ते 2016 या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41 हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली. निर्दोषपणाचा हट्ट त्यांनी तीन प्रकारांत मोजला: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि जग आपल्याकडून निर्दोषपणाच मागतं ही भावना. तिन्ही वाढले होते. सर्वांत जास्त, सुमारे 33 टक्क्यांनी, वाढली ती तिसरी भावना. तो अभ्यास आमच्या वस्तीचा नाही, हे खरं. पण त्यानं केलेली विभागणी मला उपयोगी पडली. स्वतःची फूटपट्टी लावून काम सुधारणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातातल्या फूटपट्टीच्या धाकानं काम लपवणं वेगळं. पहिल्यातून रियाज होतो. दुसऱ्यातून मावशीची बावीस गाणी फोनमध्ये पडून राहतात.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. 1880 साली जन्मलेल्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या रचत गेल्या, घरच्या बोलीत. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगानं जेवढं उतरवून घेतलं तेवढं राहिलं. 1951 साली बहिणाबाई गेल्या, मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. आपण हे सारं कौतुकानं सांगतो. मला मात्र उतरवून न घेतलेल्या गाण्यांची हळहळ वाटते. ती कच्ची होती की पक्की, हे ठरवण्याची वेळच आली नाही. ती हवेत विरली.

जात्यावरच्या ओव्यांतही कच्चं-पक्कं कुणी ठरवत नाही. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्यातल्या अनेक इंटरनेटवर ऐकता येतात. ऐकताना लक्षात येतं की एकच ओवी दोन गावांत दोन तऱ्हांनी येते आणि यातली अंतिम कोणती, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. पहाटे दळण संपलं की ओवी थांबली, उद्याच्या दळणाला ती थोडी वेगळी येणार.

याच सुरतेत जन्मलेल्या गुजराती कवी नर्मदनं 1866 साली 'मारी हकीकत' ही आत्मकथा लिहिली, तेव्हा तिला त्यानं स्वतःच अपुरी म्हटलं, खरडा म्हटलं. खरडा म्हणून का होईना, ती कागदावर उतरली होती. म्हणूनच 1933 साली ती सर्वांसमोर येऊ शकली. मालेगावही आमच्यासारखंच लूमचं गाव. तिथल्या नासिर शेखनं 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. मोठ्या सिनेमाची साधनं नव्हती, तेव्हा या मंडळींनी सायकलीवरून, बैलगाडीवरून कॅमेरा फिरवला, आणि नट लूमवरच्या कामगारांमधूनच आले. गेल्या काही वर्षांत अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजली, ती बोली घासूनपुसून पुस्तकी केली म्हणून गाजली नाहीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. प्रत्येकानं हाताला येईल ते जगापुढं टाकलं तर कचराच साठेल. शिवाय टवाळी करणारे टपलेले असतात आणि बाईच्या आवाजाची, बोलीची टवाळी जास्त होते. मला हे मान्य आहे. म्हणून माझं म्हणणं "काहीही टाका" असं नाही. मी स्वतःसाठी एक कसोटी धरली आहे. काम अडलं की विचारते, मला यात नेमकं काय बदलायचं आहे? उत्तर आलं, म्हणजे हा शब्द सैल आहे, हे कडवं लांबलं आहे, तर ते काम बाकी आहे आणि ते केलंच पाहिजे. उत्तर आलं नाही, नुसतं "लोक काय म्हणतील" एवढंच उरलं, तर रचना तयार आहे आणि तयार व्हायची आहे ती मी. रचनेला तेवढ्यासाठी अडवून ठेवण्याचा मला हक्क नाही. आधी दोन भरवशाच्या माणसांना ऐकवावं, मग चार भाऊबंदांना, मग सगळ्यांना. खाली तारीख लिहावी, म्हणजे उद्या सुधारून पुन्हा म्हणायची वाट मोकळी राहते.

गेल्या दिवाळीत मावशीनं एक गाणं निवडलं, तेच चौथ्या कडव्यात अडणारं. ती ओळ तिला पुन्हा आठवली नाही, तिथं ती नुसती गुणगुणली आहे. मागे माझ्या मावसभावाच्या पोराचं रडणंही ऐकू येतं. आम्ही ते तसंच टाकलं. आठवडाभरानं अमळनेरच्या एका लांबच्या आत्यांचा फोन आला. हे गाणं त्यांच्या आजीचं होतं. त्यांनी फोनवरच ती ओळ म्हणून दाखवली, आणि तिच्यापुढची आणखी दोन कडवी, जी आमच्याकडं कुणाला माहीतच नव्हती.

मावशीनं ती लगेच पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केली. उरलेली एकवीस गाणी तिनं आता माझ्या हवाली केली आहेत. माझी वहीही मी त्यांच्याशेजारी काढून ठेवली आहे.