प्रसूतिवेदना शमविणे पाप होय काय?

प्रसूतिवेदना हव्वेच्या शिक्षेतून आल्या, म्हणून त्या शमविणे हे पाप, असे कित्येक म्हणत. सन १८४७ मध्ये एडिंबर्ग येथील डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणींस क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हाही ही शंका निघाली. त्यांनी उत्तर दिले की, आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवानेच त्यास गाढ निद्रा आणिली.

आणखी असे पाहा. त्याच अध्यायात पुरुषाच्या वाट्यास काटे व कुसळे आली आहेत. तरी शेत खुरपणाऱ्यास कोणी पापी म्हणत नाही. मग स्त्रीच्याच दुःखाविषयी ही कठोरता का?

यास्तव, बंधूंनो, वेणा देणाऱ्या स्त्रीच्या आक्रोशास अविश्वास म्हणू नका. तिला वेळीच दवाखान्यात न्या. स्वतः दुःख सोसणे थोर खरे. परंतु दुसऱ्याने ते सोसावे असा आग्रह धरणे थोर नव्हे.