अंडी न देणाऱ्या जिवाचं देणं

अवधूताने चोवीस गुरू केले ही कथा आपल्याला नवीन नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती आली आहे. त्या चोवीसांत पृथ्वी, आकाश, समुद्र असे थोर आहेत, तसे अजगर, भुंगा आणि कोळीही आहेत. त्यातच एक कपोत आहे. बायको आणि पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाहून तो शोकाने वेडा झाला आणि स्वतःही त्याच जाळ्यात पडला. फार जीव गुंतवू नये, हा बोध अवधूताने त्याच्याकडून घेतला.

आता दुसरीकडे आपल्या देवघरातली तसबीर पाहा. महाराजांच्या मागे गाय आहे, पायाशी चार श्वान आहेत. श्वान म्हणजे चार वेद असं जाणते सांगतात, आणि ते मला मान्यच आहे. पण लहान मूल ती तसबीर बघतं तेव्हा त्याला आधी कुत्रीच दिसतात. देवाने ज्यांना जवळ उभं राहू दिलं, ती जनावरं.

म्हणजे एकीकडे जिवांना जवळ करा, आणि दुसरीकडे गुंतू नका. संसारी माणसाने हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं? गेल्या श्रावणात आमच्या घरात एक कोंबडी आजारी पडली, आणि हा प्रश्न पोथीतून उठून अंगणात आला.

बँकेत ३५ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्जखात्यावर. कुक्कुटपालनाची प्रकरणं टेबलावर यायची. त्या कागदांत कोंबडीचं आयुष्य ठरलेलं असे. साधारण २० व्या आठवड्याला अंडी सुरू होणार. ७२ ते ८० आठवडे झाले की खाद्याचा खर्च अंड्यांच्या उत्पन्नाला जड होऊ लागणार. मग अख्खी तुकडी विकून नवी पिल्लं आणायची. एरवी कोंबडी सहा-सात वर्षंही सहज जगते, पण तो आकडा कर्जप्रकरणात कधी येत नसे. यात शेतकऱ्याला दोष देण्याचं कारण नाही, हप्ता त्यालाच भरायचा असतो. बी.कॉम.ला घसारा शिकलो होतो, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटत नसे. यंत्राला घसारा, तसा कोंबडीलाही.

आमची तांबू मात्र कुठल्याच हिशेबात बसणारी नव्हती. घरकामाला येणाऱ्या मावशी गाव सोडून मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा एक तांबडी तलंग सौ.च्या हातात देऊन म्हणाल्या, "वहिनी, अंडी खावा न्हाईतर वाटा, पर हिला कापू नका." ही "बरं" म्हणाली. तेवढ्या एका शब्दावर तांबू सहा वर्षं आमच्या अंगणात राहिली. मी सामिष सोडलं आहे. मुलगा आणि नातवंडं खातात. अंडी शेजारच्या पोरांना जात. शेवटची दोन वर्षं तर तीही बंद होती.

श्रावणात ती एकाएकी मलूल झाली. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची, शेपूट खाली गेलेलं, पोट फुग्यासारखं ताणलेलं, चालताना पाय फाकत. पक्षी आपलं दुखणं लपवतो, ते दिसेपर्यंत बरंच पुढे गेलेलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंड्याचा बलक आतच पोटात उतरून तिथे सूज आली होती, पाणी साठलं होतं. त्यांनी सुईने पाणी काढलं, पाच दिवसांचं औषध दिलं आणि स्पष्ट म्हणाले, "थोडा आराम पडेल. बरी होईल असं मी म्हणणार नाही."

रिक्षा, तपासणी, औषध मिळून ८४० रुपये झाले. शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "एवढ्यात दोन नव्या आल्या असत्या." हिशेब बरोबर होता. मुलाचा प्रश्न अधिक अवघड होता. तो म्हणाला, "बाबा, रविवारी मी दुकानातून आणतो ती कोंबडी, आणि हीही कोंबडी. तिच्यावर सुरी आणि हिच्यावर औषध, हे कसं?"

यावर मी बरेच दिवस विचार केला. जगातल्या सगळ्या कोंबड्यांचं दुःख मला निवारता येत नाही, म्हणून दारातल्या एकीचंही निवारू नये, हे काही पटत नाही. शिवाय हिला आपण शब्द दिला होता. बँकेत ठेव कुणाची, किती रकमेची, हे पाहून सांभाळ कमी-जास्त करत नाहीत. शंभराची ठेवही लाखाच्या ठेवीइतक्याच जबाबदारीने परत द्यायची असते. आपला कायदाही हेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, असं कलम आहे. मुलाला मी एवढंच म्हटलं, "तुझा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर हिला उपाशी ठेवून मिळणार नाही."

शुश्रूषा बहुतेक हिनेच केली. डालग्यात जुनी गोधडी, वर मंद दिवा. कोंबडीचं अंग माणसापेक्षा चारेक अंशांनी गरम असतं, त्यामुळे आजारात ऊब हेच तिचं पहिलं औषध. मागची पिसं घाणीने चिकटत, ती रोज कोमट पाण्याने धुऊन फडक्याने कोरडी करायची, मग आपले हात साबणाने धुवायचे. मऊ भात, भिजवलेली बाजरी. पाणी पाजताना फार जपावं लागे, कारण पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. घाईने ओतलं तर पाणी छातीत जातं. चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, तिने गिळला की मग दुसरा. एका वाटीला अर्धा तास लागे.

दहा-बारा दिवस तिला बरं वाटलं. उन्हात येऊन माती उकरू लागली. मग पोट पुन्हा भरलं. डॉक्टरांनी विचारलं, "पुन्हा पाणी काढू, की इंजेक्शन देऊन शांत करू?"

इथे आपल्यासारख्या माणसाचा पाय अडखळतो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला त्यातून सोडवलं. केवढं काहूर उठलं! त्यांनी मात्र 'नवजीवन'मधून आपली भूमिका मांडली. दुसरीकडे आपल्याच मुंबईत १८३४ साली शेठ जमशेटजी जीजीभॉय आदींच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. लंगड्या, म्हाताऱ्या, निरुपयोगी जनावरांना तिथे जागा मिळते. या दोन्ही गोष्टींमागे करुणाच आहे. मग निवडायचं कशावरून?

मला वाटतं, कोंबडीकडे पाहून. तांबू अजून दाणा टिपत होती, हिचा आवाज ऐकला की मान वर करत होती. तळमळ नव्हती. म्हणून मी इंजेक्शनला नको म्हटलं. तळमळत असती तर हो म्हटलं असतं. पाणी आणखी एकदा काढून घेतलं. पुढे चार दिवसांनी तिने चोच फिरवायला सुरुवात केली. थेंब लावला की मान वळवायची. ही म्हणाली, "चोच उघडून घालू का? दोन दिवस तरी जास्त जगेल." मी विचारलं, "हे दोन दिवस कोणाला हवेत? तिला की आपल्याला?" ही गप्प झाली. मग म्हणाली, "आईंनी शेवटी असंच तोंड फिरवलं होतं." माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं हिनेच केलं. त्या दिवसापासून बळेच भरवणं थांबवलं. ऊब, स्वच्छता आणि जवळ बसणं चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तांबू गेली.

कपोताची गोष्ट मला त्या दिवसांत नव्याने कळली. आपल्याला गमवायचं नाही म्हणून धरून ठेवणं, ही ममता. ती जाळ्यात नेते. समोरच्याला काय हवं ते पाहून करणं, ही दया. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हीत जागरण आहे, दोन्हीत डोळ्यांत पाणी आहे. फरक कळतो तो समोरच्याने मान वळवल्यावर. ममता तेव्हा हट्टाला पेटते, दया हात आखडता घेते आणि तरी उठून जात नाही. गुंतू नका म्हणजे सोडून द्या, असा अर्थ अवधूताने काढला असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या दिवसांत सात वर्षांचा नातू सारखा डालग्यापाशी बसलेला असे. एकदा त्याने विचारलं, "आजी, ही अंडं देत नाही ना? मग हिला खायला का द्यायचं?" ही म्हणाली, "भूक लागते म्हणून." इतकं सरळ उत्तर मला ३५ वर्षांच्या नोकरीत सुचलं नसतं.

आपण बहुतेक वाचक आता पेन्शनीतले. घराला आपला उपयोग दिवसेंदिवस कमीच होणार आहे. ज्याच्याकडून काही यायचं उरलं नाही, त्याच्याशी घर कसं वागतं हे पोरं बघत असतात, आणि जे बघतात तेच पुढे करतात. पण म्हातारपणाची तजवीज म्हणून दया करायची, तर तोही पुन्हा व्याजाचाच हिशेब झाला. तसं करू नये. दारात जो जीव आहे, मग तो माणूस असो, कुत्रं असो की कोंबडी, त्याची आजची गरज काय ती पाहावी, आपल्या ऐपतीप्रमाणे भागवावी आणि फळ महाराजांच्या पायी ठेवावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥