सव्वा मुठीचं गाव

गाव म्हणजे शिवार की माणसं? सुरतच्या गोडादरा भागात याचं उत्तर सापडतं. धुळे, नंदुरबार, जळगावहून कापडधंद्याच्या आधाराने आलेली खानदेशी कुटुंबं इथे अहिराणी बोलतात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसवतात. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजला जातो, भाऊबंद एकत्र जेवतात. शिवार मागे राहिलं, तरी गाव टिकतं ते या मोजण्यामुळे.

कुणी म्हणेल, अशाने माणूस आपल्यांतच कोंडला जातो. खरं आहे, भाऊबंदकीला भिंती असतात. पण सोमवारी विसर्जनाला निघालेली कानबाई सगळ्यांच्याच दारावरून जाते. आपली माणसं मोजायची सवय असलेल्याला शेजारी मोजणं जड नाही. आज एक मूठ शेजाऱ्याच्याही नावाने घेऊ या.