हे परीक्षण परत ने

‘लपाछपी’ चित्रपटावरचं तुझं परीक्षण वाचलं. वार्षिकांकात ते जाणार नाही. का जाणार नाही ते नीट ऐकून घे, पुढच्या वेळी मी एवढं बोलत बसणार नाही.

सुरुवातच बघ. चित्रपट कमी बजेटचा आहे, सगळा एकाच घरात घडतो, तरी प्रयत्न चांगला आहे, असं तू लिहिलंस. बजेट किती होतं, हे तुला कोणी सांगितलं? आकडा कुठे आहे? पडद्यावर एक घर आणि मोजकी माणसं दिसली, तेवढ्यावर तू निर्मात्याचा खिसा मोजून मोकळा झालास. वर ग्रेस मार्क द्यावेत तशी सवलतही देऊन टाकलीस. ती मागितली होती कोणी? कर्जापायी नवऱ्यासोबत शहर सोडून आलेली, आठवा महिना लागलेली नेहा आपल्या ड्रायव्हरच्या घरी येते. तिथून तिला निघता येत नाही, यावर सगळी भीती उभी आहे. कथा दुसऱ्या जागी हलली की ती भीती संपली. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी ती जागा विचार करून धरून ठेवली आहे, आणि हे ओळखणं हेच परीक्षण लिहिणाऱ्याचं काम होतं.

त्या घराभोवती काय आहे, हे तुझ्या दोन पानांत एकदाही आलेलं नाही. ऊस आहे, बाबा! चारही बाजूंनी माणसाच्या डोक्यावरून जाणारा ऊस. तू अकोल्याकडचा, शेतातला पोरगा. आपल्या कपाशीच्या पऱ्हाटीत उभं राहिलं की धुऱ्यावरचा माणूस ओळखू येतो. तूर डोक्याला लागते, तरी ओळींमधून पलीकडचं दिसतं. उसात दोन हातांवर कोण उभं आहे ते कळत नाही. पानं वाजतात ती वाऱ्यानं की कोणाच्या पावलानं, तेही नाही. म्हणून हा चित्रपट भर दिवसा, लख्ख उन्हात भीती दाखवू शकतो. अंधाराच्या मदतीवाचून भीती उभी करणं सोपं नसतं. वऱ्हाडातल्या पोराला हा फरक दिसला नाही, तर तो कोणाला दिसायचा?

पुढे लिहिलंस, पार्श्वसंगीत अंगावर काटा आणतं. कुठल्या प्रसंगात? आवाज कधी येतो, कधी बंद होतो? अभिनयाबद्दल एक शब्द, ‘उत्तम’. नेहा झालेली पूजा सावंत जवळजवळ सगळा चित्रपट खांद्यावर घेते. उषा नाईक यांनी साकारलेल्या, त्या घरातल्या तुळसाबाईची माया नक्की कोणत्या क्षणी संशयास्पद वाटू लागते, तो क्षण पकडून दाखवायला हवा होता. पुन्हा बघ आणि शोध.

तुलनेला तू ‘काँज्युरिंग’ घेतलास. तुलना करायचीच तर कामाची कर. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ स्वतःच्या घरात, सात दिवसांत, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये चित्रित केला. रात्री कॅमेरा झोपायच्या खोलीत नुसता उभा असतो आणि आपणच त्या स्थिर चौकटीत काही हललं का ते शोधत राहतो. तिथे कॅमेरा काय करतो आणि इथे काय करतो, हे लिहिलं असतंस तर मी तुझी पाठ थोपटली असती. आणि भयकथेची मराठी परंपरा? नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं ग्रंथालयात धूळ खात आहेत. एक तरी काढून वाचलंस का?

शेवट तर सरळ फोडून टाकलास. विषय सांगायचा असतो, उलगडा राखून ठेवायचा असतो. आणि जो विषय मोकळेपणानं सांगायला हवा होता, त्याला तू ‘चांगला सामाजिक संदेश’ असं गुंडाळलंस. मुलीचा जीव जन्माआधीच घेतला जातो, हा विषय आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 साली झाला. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 साली 913 होत्या, त्या 2011 च्या जनगणनेत 894 वर आल्या. हे लिहायला लाज कसली वाटली?

आता ज्या वाक्यावर मला खरा संताप आला, ते. ‘आपल्या मेळघाटात अशा गोष्टी खरोखर घडतात,’ असं लिहून तू पुढे निघून गेलास. काय घडतं मेळघाटात? डिसेंबर 2024 च्या अखेरीस चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेड्यात 77 वर्षांच्या एका बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, तिची धिंड काढली गेली, अशी तक्रार झाली. जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच आला आहे. मेळघाटात आजही पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराला तापल्या लोखंडानं डागतात, त्याला डंबा देणं म्हणतात. या गोष्टी माणसंच करतात. पडद्यावरचं भूत कलेचा भाग आहे, त्याला घाबरायला माझी ना नाही. पण ते गावात खरंच असतं असं छापील पानावर सुचवणारा माणूस कोणत्या तरी म्हातारीला संकटात टाकतो. आपला अंक अमरावतीत निघतो आणि धारणी-चिखलदऱ्याची पोरंही तो वाचतात. लिहिताना हे तुझ्या डोक्यात यायला नको होतं?

तुझी भाषा चांगली आहे, म्हणून तुझ्यावर एवढा वेळ घालवतो आहे. चित्रपट परत बघ, या वेळी वही घेऊन. दारं कुठे आहेत, आवाज कुठून येतो, नेहा घराच्या कोणत्या भागात किती वेळ असते, टिपून ठेव. मेळघाटाचं वाक्य काढून टाक. सोमवारी नवीन मजकूर माझ्या टेबलावर हवा. नाही आला तर ते पान दुसऱ्याला देईन.