अंधाराची पाळी

कारध्याला मामांकडे गेलो की रात्री खिडकीला जाड चादर लावावी लागते. वैनगंगेच्या पलीकडे भंडारा शहर उजळलेलं, अलीकडे महामार्गावरच्या ट्रकांचे झोत. त्यात माझा मोबाइल. मामी अंथरुणातूनच म्हणतात, "बंद कर गा तो लाइट, डोळ्यांवर येते."

मामींचं बरोबर असतं. अंधार पडला की मेंदूतली इवलीशी पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. रात्र झाल्याची अंगभर दिलेली ती दवंडीच. डोळ्यांवर उजेड, त्यातही निळसर, आला की दवंडी लांबते आणि झोपही लांबते. झोप तुटली की रोगाशी लढणारी फौजही ढिली पडते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या एका अभ्यासात काही निरोगी तरुणांना सलग काही रात्री चारच तास झोपू दिलं आणि त्याच दिवसांत फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं पुरेसं झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. पुढे काही आठवड्यांत ती बरोबरीला आली म्हणे. पण साथ तेवढी थांबते थोडीच?

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान मिळाला. तारे दिसावेत म्हणून तिथे दिवे झाकले, मंद केले. माणसाच्या निजेसाठी दिवे झाकल्याचं अजून माझ्या ऐकण्यात नाही.

पण खरी अडचण चादरीने सुटणारी नाही. उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी हवं, आणि शेतीच्या मोटारीला वीज आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. 'आठ तास झोपा' हे मामांना सांगायचं कोणत्या तोंडाने? दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. सरकारदरबारी ती ऊर्जा खात्याची. मी तिला आरोग्य खात्याच्या वहीतही लिहीन. शिवाय रात्री बांधावर साप-विंचवाचं भय असतं ते वेगळंच.

काल रात्री दहाला मामींनी दिवा मालवला. मामा मात्र बॅटरी आणि काठी घेऊन निघाले होते. "या हप्त्यात रातची पाळी आहे," दार ओढून घेत म्हणाले, "तू झोप."